शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

तेर हे आमचे गाव धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी. बाहेरचा माणूस आला की गोरोबाकाकांचे मंदिर पाहतो, लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहतो आणि परततो. आम्हा गावकऱ्यांच्या बोलण्यात मात्र आता पुण्याजवळचे हिंजवडीही आले आहे. इथल्या शेतकऱ्यांची, दुकानदारांची, शिक्षकांची मुले तिथल्या संगणक कंपन्यांत नोकरीला आहेत. त्यांत आपल्या मुस्लिम घरांतली मुले आहेत, आणि मुलीही आहेत.

मूल सुट्टीवर घरी आले की आमचे तीन प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, खोली कुठे आणि लग्नाचे काय? चौथा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो: तुझ्यासोबत काम करणारी माणसे कशी आहेत? खरे तर मुलाचा बहुतेक दिवस त्यांच्यासोबतच जातो. तो आजारी पडला तर आमच्या आधी तेच धावतात. म्हणून हा लेख पगाराविषयी नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाविषयी आहे. सुट्टीवर आलेल्या मुलामुलींशी बोलून जे कळले, ते इथे मांडतो.

साहेबाला नावाने हाक

गावाकडच्या आईबापांना पहिला धक्का बसतो तो हाकेचा. मुलगा फोनवर आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या साहेबाला नुसत्या नावाने हाक मारतो. गावात वडीलधाऱ्याला आपण चाचा, मामू, काका म्हटल्याशिवाय राहत नाही. तिथे मात्र नावाने बोलावण्याचीच रीत आहे. त्यात बेअदबी नसते. दिलेल्या वेळेला काम पुरे करणे, हाच तिथला आदर.

रोज सकाळी सगळी टीम पंधरा मिनिटांसाठी जमते. काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. याला ते स्टँडअप म्हणतात. यातले ‘अडले’ हे सांगणे नवख्याला सर्वांत जड जाते. लहान गावचे कॉलेज, इंग्रजी कच्चे. चारचौघांत कमीपणा कोण घेणार? एक मुलगी पहिला महिनाभर रोज सकाळी ‘सगळे ठीक आहे’ म्हणत राहिली आणि रात्री दोन-दोनपर्यंत एकटीच झगडत राहिली. शेवटी शेजारी बसणाऱ्या नाशिकच्या मुलीने खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, “दाखव बघू, कुठे अडलीस?” चूक एका ओळीत होती. दहा मिनिटांत सापडली. त्या दिवसापासून दोघींचा डबा एकत्र.

डब्याचेही तसेच. सुरुवातीला आपली मुले कोपऱ्यात बसतात, कुणाला काय चालते आणि काय नाही या काळजीने. पुढे शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी टेबलावर फिरू लागते. आपल्या मराठवाड्याच्या ‘काय करायलास?’ या बोलण्याची आधी थट्टा होते, चार महिन्यांत सगळी टीम तसेच बोलू लागते. गावाहून परतताना कुंथलगिरीचा पेढा नेला नाही, तर खुर्चीवर बसू देत नाहीत.

साडेसहाची मीटिंग

सोबतीची खरी पारख रमजानमध्ये होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि तीच मीटिंग आपल्याकडे साडेसहावर येते. 2025 साली रमजान आपल्याकडे 2 मार्चला सुरू झाला आणि तिकडची घड्याळे 9 मार्चला बदलली. पहिला आठवडा इफ्तार उरकून निवांत मीटिंग झाली. पुढचे तीन आठवडे मगरिबची वेळ नेमकी मीटिंगच्या मध्यात, पावणेसातच्या सुमारास येऊ लागली.

एका तरुणाने आपण रोजे ठेवतो हे टीममध्ये कुणालाच सांगितले नव्हते. दुपारी जेवायला बोलावले की तो ‘जेवलोय’ म्हणायचा. संध्याकाळी माइक बंद करून खिशातला खजूर तोंडात टाकायचा. एका संध्याकाळी बोलण्याची पाळी त्याचीच होती. ग्राहक प्रश्नामागून प्रश्न विचारत गेला. सात वाजून गेले तरी याच्या घशाखाली पाण्याचा थेंब नव्हता, आवाज फाटत होता. मीटिंग संपल्यावर टीमच्या प्रमुखाने विचारले, तेव्हा त्याने सांगितले. प्रमुख रागावले, पण ते लपवाछपवीवर. “एवढ्या दिवसांत एक शब्द तरी बोलायचास ना?” दुसऱ्या दिवसापासून याचे बोलणे पहिल्या दहा मिनिटांत ठेवले गेले आणि मगरिबच्या वेळी त्याची बाजू सांभाळण्याचे काम एका सहकाऱ्याने आपणहून घेतले.

तो तरुण आम्हाला म्हणाला, “भूक-तहान काहीच नव्हती. रोजा असताना रोज ‘जेवलोय’ हे खोटे बोलत होतो, ते जास्त टोचत होते.” हे वाक्य प्रत्येक घरात ऐकवण्याजोगे आहे. आपली मुले पुष्कळदा भीतीपोटी आधीच गप्प बसतात आणि समोरच्याला भला वागण्याची संधीच मिळत नाही.

ईदचेही असेच. ईद चंद्रावर अवलंबून, तर सुट्टीचा अर्ज आठवडाभर आधी हवा. रात्री-अपरात्री यंत्रणा बंद पडली तर उठून ती सुरू करायला एकाची पाळी लागलेली असते. ईदच्या दोन्ही संभाव्य दिवशी ती पाळी कुणीतरी हिंदू मित्र घेतो आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपला मुलगा जागतो. याची कुठे लिखापढी नसते. दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचा मोठा डबा जातो. तो शाकाहाऱ्यांनाही चालतो, त्यामुळे सर्वांत आधी तोच संपतो.

भीतीचे दिवस

सगळे चित्र असे गोड नाही. जून 2014 मध्ये हडपसरला, नमाज पढून परतणाऱ्या सोलापूरच्या एका तरुणाचा जमावाने जीव घेतला. तोही संगणकाच्याच नोकरीत होता. सोलापूर-धाराशिवच्या कितीतरी आयांनी त्या रात्री मुलांना फोन करून परत या म्हटले होते. जानेवारी 2023 मध्ये त्या खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. अशा बातम्यांच्या दुसऱ्या दिवशीही मुलाला कामावर जायचे असते, त्याच खुर्चीवर बसायचे असते. खोली शोधताना नाव सांगितल्यावर ‘कालच गेली’ हे उत्तर तर पाठ झालेले.

अशाच एका तणावाच्या दिवशी एका टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुसलमानांविषयी घाणेरडा मजकूर आला. टीममध्ये आपली एकच मुलगी होती. तासभर ग्रुपवर कुणी काही बोलले नाही. तो तास वर्षाएवढा वाटला, असे ती सांगते. मग सांगलीच्या एका सहकाऱ्याने लिहिले: “हा कामाचा ग्रुप आहे. मजकूर काढ आणि माफी माग.” मजकूर निघाला. माफी दुसऱ्या दिवशी आली, तीही अर्धवट. पण ती मुलगी आजही त्याच टीममध्ये आहे. दुसऱ्या एका ठिकाणी असे बोलणारे कुणीच निघाले नाही आणि तिथला आपला मुलगा दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या एका वाक्याने किती फरक पडतो, ते यातून कळते.

थापटणे आणि अमानत

दूरच्या ग्राहकासाठी काम करणे तेरला नवे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात या गावाचे नाव तगर असे येते. इथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि पुढे समुद्रापार. विणकराला गिऱ्हाईक कधी दिसत नसे. मालच त्याच्या वतीने बोले.

गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली तेव्हा त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि मडके कोणते कच्चे ते सांगितले, ही कथा आमच्याकडे हिंदू-मुसलमान सगळ्या पोरांना ठाऊक असते. संगणकाच्या कामातही एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. नवखा मुलगा त्यावर खट्टू होतो, अपमान समजतो. त्याला आम्ही एवढेच सांगू: मडके फुटावे म्हणून कुणी थापटत नाही. मात्र ते थापटणे सगळ्यांच्या डोक्यावर सारखे पडते ना, हे पाहणे प्रमुखाचे काम. एकालाच दणका आणि दुसऱ्याला नुसता स्पर्श, असे झाले की टीम मोडते.

आणि आपल्या बाजूने? प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना प्रेषित्वाआधीच मक्केचे लोक अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणत. विरोध पेटल्यावरही लोकांच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. हिजरत करताना त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. त्या प्रवासात जिवाची जोखीम असताना वाट दाखवायला नेमलेला अब्दुल्लाह बिन उरैकित मुस्लिम नव्हता, पण आपल्या कामात वाकबगार आणि शब्दाला पक्का होता. कामाच्या ठिकाणी कुणावर विश्वास टाकायचा, याचा हा धडा आहे. ग्राहकाची माहिती, कंपनीचा वेळ, सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली अडचण, या सगळ्या अमानती आहेत.

महाराष्ट्रातच याचा मोठा दाखला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अंमळनेरला 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. 1966 मध्ये ते वारले, तेव्हा 21 वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतले शिक्षण सोडून परतला. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने संगणकाच्या धंद्यात उतरली. अंमळनेरच्या अनेक कुटुंबांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले, कारण त्यांना माणसावर भरवसा होता.

मुलींच्या आईबापांसाठी

मुलीला पाठवताना भीती वाटणे साहजिक आहे. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्यात. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे, तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. समितीवर कोण आहे आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. त्यात संकोच नको.

मुलामुलींना आमचे सांगणे एवढेच. रोजा असेल तर सांगा, जुम्याची वेळ सांगा, अडले तर सांगा. दिवाळीची पाळी मागून घ्या. दुसऱ्याविषयी वाईट बोलले जात असेल, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, तेव्हा तासभर थांबू नका. कंपनी कधी माणसे कमी करील याचा भरवसा नसतो. तशी वेळ आलेल्यांपैकी पुष्कळांना पुढची नोकरी जुन्या सहकाऱ्याच्या शिफारशीने मिळाली आहे.

पुढच्या ईदला मूल घरी येईल, तेव्हा त्याच्या टीममधल्या दोघा-चौघांनाही बोलवा. खोल्या लहान असल्या तरी भागते. गोरोबाकाकांचे मंदिर दाखवा, संग्रहालय दाखवा, आणि जेवायला घरी बसवा.