फांद्यांची तोड आणि वृक्षांचे दीर्घायुष्य : एपिंगच्या अरण्याचा इतिहास

लंडनच्या ईशान्येस सुमारे २,४०० हेक्टर क्षेत्रावर पसरलेले एपिंगचे अरण्य प्राचीन वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. लंडनची भुयारी रेल्वे लाउटनपर्यंत जाते. तेथून पायवाटेने लोहयुगीन तटबंदीच्या अवशेषांपर्यंत जाता येते. वाटेतील बीच व हॉर्नबीम वृक्षांचे बुंधे आखूड पण अवाढव्य असून डोक्याच्या थोडे वर त्यांना एकदम अनेक जाड फांद्या फुटलेल्या दिसतात. हे रूप कुऱ्हाडीने दिलेले आहे.

हिवाळ्यात जळणासाठी फांद्या तोडण्याचा ग्रामस्थांना परंपरागत हक्क होता. गुरे व हरणे कोवळे कोंब खातील म्हणून तोड उंचावर केली जाई. ठरावीक वर्षांनी होणाऱ्या या तोडीमुळे शेंड्याचा भार मर्यादित राही, वादळात झाड मोडण्याचा धोका घटे आणि वृक्ष शतकानुशतके टिकत. अशा वृद्ध वृक्षांची संख्या येथे ५० हजारांहून अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी अरण्याला कुंपणे घालण्यास आरंभ केला. इ.स. १८६६ मध्ये लाउटनच्या विलिंगेल कुटुंबातील व्यक्तींना फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगवास घडला. पुढे लंडन नगर निगमाने दावा दाखल केला व १८७४ मध्ये निकाल कुंपणांविरुद्ध लागला. १८७८ च्या एपिंग अरण्य कायद्याने अरण्य जनतेसाठी कायमचे खुले झाले. मात्र त्याच वेळी तोडीचा हक्कही संपुष्टात आला. त्याच्या भरपाईतून उभारलेले ‘लॉपिंग हॉल’ हे सभागृह लाउटनमध्ये आजही आहे.

त्याच १८७८ साली ब्रिटिश सत्तेने भारतात वन कायदा केला. येथे मात्र कायद्याचा रोख वने सरकारी ताब्यात घेण्याकडे होता. ठाणे-कुलाबा भागात भाताच्या राबासाठी फांद्या तोडण्यावरून असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. एकाच वर्षीच्या या दोन कायद्यांचा एकत्रित विचार आपल्याकडे अभावानेच होतो.

एपिंगच्या कायद्याने अरण्याचे ‘नैसर्गिक रूप’ जपण्याची जबाबदारी निगमावर सोपविली. परंतु जपावयाचे ते रूप मानवी श्रमांतून घडलेले होते. तोड थांबताच फांद्या भारावल्या, बुंधे दुभंगू लागले आणि दाट सावलीखालील झुडपे व गवत विरळ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडक भागांत तोड पुन्हा सुरू झाली. मात्र दीर्घकाळ न तोडलेले वृद्ध बीच एकदम छाटल्यास पुन्हा फुटतीलच असे नसते. म्हणून त्यांचा भार टप्प्याटप्प्याने हलका करावा लागतो.