उन्हाळ्यांतील विज्ञानवर्ग आणि आपलीं मुलें



माघ-फाल्गुनाचे दिवस आले, कीं नवव्या इयत्तेंत शिकणारें मूल ज्या घरीं आहे, त्या घरीं हल्लीं एक नवा विषय निघूं लागला आहे. उन्हाळ्याच्या सुटींत शास्त्रज्ञांच्या सहवासांत कांहीं दिवस घालविण्याची संधि देणारे वर्ग भरतात. त्यांसाठीं अर्ज करावयाचा असतो. अर्जाची मुदत थोडी असते. आणि मग दाखले, प्रमाणपत्रें व छायाचित्रें यांची एकच धांदल उडते. या धांदलींत अर्ज म्हणजे काय, तो कोण मागतें व कशासाठीं मागतें, हा मुख्य प्रश्न मात्र बाजूस राहून जातो. त्याचाच थोडासा विचार आज करावयाचा आहे.

आपल्या देशांतील या प्रकारचें सुपरिचित उदाहरण म्हणजे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचा, अर्थात् इस्रोचा, 'युवा विज्ञानी कार्यक्रम'. 'युविका' या सुटसुटीत नांवानें तो ओळखला जातो. तो २०१९ सालीं सुरू झाला. त्या पहिल्या वर्षीं प्रत्येक राज्यांतून व केंद्रशासित प्रदेशांतून ३ विद्यार्थी घेण्याची योजना होती. २०२० व २०२१ या दोन सालीं करोनाच्या साथीमुळें तो भरला नाहीं. २०२२ सालीं पुन्हां भरला. आणि २०२४ सालीं निवडलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारें ३५० होती. तिरुवनंतपुरम्, बंगळूर, अहमदाबाद, हैदराबाद, श्रीहरिकोटा, देहरादून व मेघालयांतील उमियम येथें इस्रोचीं जीं केंद्रें आहेत, त्यांपैकीं एका केंद्रीं मुलांस सुमारें दोन आठवडे ठेवून घेतात. व्याख्यानें, प्रयोगशाळांची पाहणी, स्वतःच्या हातानें करावयाचे प्रयोग आणि शास्त्रज्ञांशीं प्रश्नोत्तरें असा तेथील क्रम असतो. प्रवासाचा, राहण्याचा व जेवणाचा खर्च संस्था सोसते.

आतां निवड कशी होते तें पाहूं. २०२४ सालची गुणविभागणी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १०० पैकीं ५० गुण आठव्या इयत्तेच्या परीक्षेंतील यशास होते. १० गुण संगणकावर द्यावयाच्या प्रश्नमंजूषेस होते. गेल्या तीन वर्षांत विज्ञान-प्रदर्शनांत भाग घेतला असल्यास शाळा, जिल्हा किंवा राज्य या पायरीप्रमाणें २, ५ किंवा १० गुण मिळत. विज्ञानाच्या स्पर्धेंत पहिल्या तिघांत क्रमांक असल्यास ५ पर्यंत, खेळांतील यशास ५ पर्यंत आणि स्काउट वा छात्रसेना यांच्या सभासदत्वास ५ गुण होते. उरलेले १५ गुण ग्रामपंचायतीच्या हद्दींतील शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींस ठेवलेले होते.

हा हिशेब नीट मांडून पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्या दिवशीं मूल अर्ज भरावयास बसतें, त्या दिवशीं ५० गुण आठवीच्या निकालाबरोबरच ठरून गेलेले असतात. १५ गुण शाळेच्या जागेवरून ठरलेले असतात. २५ गुण मागील तीन वर्षांत काय केलें व काय केलें नाहीं, यावरून ठरलेले असतात. मुलाच्या हातीं उरतात ते प्रश्नमंजूषेचे १० गुण! अर्ज भरला जातो माघ-फाल्गुनांत. परंतु तो लिहिला जात असतो सहाव्या-सातव्या इयत्तेपासून. शेवटच्या आठवड्यांतील धांवपळीनें त्यांत फारशी भर पडत नाहीं.

त्या १५ गुणांविषयीं शहरांतील पालकांची कुरकुर ऐकूं येते. त्यांनीं एवढें मनांत आणावें, कीं प्रयोगशाळेचें कपाट जेथें वर्षांतून दोनदां उघडतें, त्या शाळेंतील मुलानें मिळविलेले गुण आणि घरीं पुस्तकें, शिकवणी व संगणक असणाऱ्या मुलानें मिळविलेले तेवढेच गुण, हे दिसावयास सारखे असले तरी सारख्या श्रमाचे नव्हेत. आमच्या दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतींत राहणाऱ्यांनीं आपली शाळा कोणत्या हद्दींत मोडते, हें मुख्याध्यापकांस विचारून घ्यावें. मात्र त्या गुणांसाठीं खोटा दाखला मागण्याचा विचार मनाला शिवूंहि देऊं नये. विज्ञानाच्या दारांत पाऊल टाकतांनाच असत्याचा आधार घेणारें मूल पुढें वजनकांट्यावरचा आंकडा तरी खरा कशाला लिहील?

अशा निवडीची कल्पना आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. १९६३ सालीं दिल्लींत १० शिष्यवृत्त्यांनीं एका विज्ञान-प्रज्ञाशोध योजनेचा आरंभ झाला व १९६४ सालीं ती ३५० शिष्यवृत्त्यांसह देशभर पसरली. तींत लेखी परीक्षा व मुलाखत तर होतीच, पण त्याखेरीज विद्यार्थ्यानें स्वतः केलेल्या प्रकल्पाचा वृत्तान्तहि द्यावा लागे. पुढें १९७६ सालीं त्या योजनेचें रूप पालटून ती केवळ विज्ञानापुरती राहिली नाहीं. महाराष्ट्रांत मुंबईच्या विज्ञान-अध्यापकांच्या मंडळानें १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालविली आहे. सहाव्या व नवव्या इयत्तेच्या मुलांसाठीं असलेल्या या स्पर्धेंत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि त्यानंतर प्रकल्प व मुलाखत अशा पायऱ्या असतात. पाठांतर पहिल्या पायरीपर्यंत नेतें. पुढच्या पायऱ्या चढावयास हात आणि डोळे लागतात.

तेव्हां मुलानें करावें काय? त्यानें आपला स्वतःचा एक प्रश्न शोधावा. तो शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. खानदेशांत प्रश्न अंगणांतच पडलेले आहेत. भुसावळच्या वैशाखांत मडक्यांतील पाणी बाहेरच्या हवेपेक्षां किती अंशांनीं थंड राहतें, आणि पावसाळी दमट दिवशीं तो फरक कां कमी होतो? चुना दिलेल्या पत्र्याखालीं व तशाच पत्र्याखालीं दुपारीं दोन वाजतां उष्णतामानांत किती अंतर पडतें? रावेर-यावलकडचीं केळीं बंद डब्यांत लवकर पिकतात कीं उघड्यावर? यांतील कोणत्याहि प्रश्नास महागडें उपकरण लागत नाहीं. एक उष्णतामापक, एक मोजपट्टी आणि एक वही पुरे.

एक उदाहरण विस्तारानें सांगतों. वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळून राख उरते व तिच्या विटा होतात, हें येथील मुलांस ठाऊक असतें. एकाद्या मुलानें विचारलें, 'ही राख मातींत मिसळली तर रोप कसें येईल?' उत्तम प्रश्न आहे. त्यानें नाकाला फडकें बांधून, वडील माणसाच्या देखत, चार मिश्रणें करावींत : एक निव्वळ मातीचें, आणि दुसऱ्या तिहींत दहा भागांस एक, दोन व चार भाग राख. प्रत्येक मिश्रणाचे तीन तीन डबे, म्हणजे एकूण १२ डबे. प्रत्येकांत मेथीचे दहा दाणे. पाणी एकाच मापानें. ऊन सर्वांस सारखें. राखेच्या प्रमाणाखेरीज दुसरें कांहींहि बदलूं द्यावयाचें नाहीं, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळें पडला तें कळणार नाहीं. प्रत्येकाचे तीन डबे कशाला? एकच डबा असला आणि तो खारीनें उकरला, तर त्या दोषाचें खापर राखेवर फुटावयाचें! रोज ठराविक वेळीं किती दाणे उगवले व रोपांची उंची किती झाली, तें तारखेसह लिहावें. आणि खारीनें डबा उकरला असेल तर तेंहि लिहावें. शेवटीं कांहींच फरक दिसला नाहीं, तर 'फरक दिसला नाहीं' असें निर्भयपणें लिहावें. तेंहि उत्तरच होय.

येथें पालकांस एक विनंति आहे. मुलाचा हात धरून त्याला वाट दाखवावी, पण त्याच्याऐवजीं आपण चालूं नये. प्रदर्शनांतून बाजारांत तयार मिळणाऱ्या प्रतिकृति आम्हीं पुष्कळ पाहिल्या. रंग सुरेख, अक्षर छापील; आणि परीक्षकानें 'हें माप तूं किती वेळां घेतलेंस?' असें विचारलें, कीं मूल वडिलांच्या तोंडाकडे पाहूं लागतें. त्या क्षणीं मुलाची जी मानहानि होते, ती कोणत्याहि प्रमाणपत्रानें भरून निघत नाहीं. उलट वाकड्यातिकड्या अक्षरांतील, तेलाचे डाग पडलेली वही घेऊन उभें राहिलेलें मूल दुसऱ्याच काय, दहाव्या प्रश्नासहि उत्तर देतें, कारण ती वही त्यानेंच भरलेली असते.

परदेशांतहि निवडीचें मर्म हेंच आहे. अमेरिकेंत १९८४ सालीं सुरू झालेली 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' ही उन्हाळी संस्था विद्यार्थ्यांस सहा आठवडे संशोधकांच्या मार्गदर्शनाखालीं काम करावयास लावते. ती अर्जासोबत निबंध व शिक्षकांचीं शिफारसपत्रें मागते. अशा निबंधांत 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' या वाक्याचा उपयोग फार थोडा. मी काय विचारलें, काय केलें, कोठें अडलों व अजून काय कळलेलें नाहीं, हें सरळ लिहिणारा मुलगा वाचणाऱ्याच्या लक्षांत राहतो. शिक्षकांसहि पत्रासाठीं आदल्या रात्रीं गांठूं नये. ज्यांनीं मुलाचें काम पाहिलें आहे, त्यांच्यापाशींच आठ-पंधरा दिवस आधीं जावें.

आणखी एक सावधगिरी. मोठी फी घेऊन, येईल त्यास प्रवेश देऊन, शेवटीं झगझगीत प्रमाणपत्र हातीं ठेवणारे वर्गहि हल्लीं पुष्कळ निघाले आहेत. पैसे भरण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : निवड कोण व कशावरून करतें, खर्च कोण सोसतें, आणि मुलाच्या शेजारीं उभें राहून प्रत्यक्ष कोण शिकवणार? या तिन्हींचीं उत्तरें स्पष्ट मिळालीं नाहींत, तर ते पैसे घरींच राहूं द्यावे.

शेवटीं निवड न झालेल्या मुलांविषयीं. साऱ्या देशांतून साडेतीनशें निवडावयाचीं म्हटल्यावर पुष्कळ गुणी मुलें बाहेर राहणारच. तेव्हां यादी लागेल त्या दिवशीं घरांत सुतकी मुद्रा नसावी व शेजारच्या मुलाशीं तुलनाहि नसावी. ते बारा डबे अजून गॅलरींत आहेत. चार भाग राखेच्या डब्यांत असें कां झालें, हा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. त्या संध्याकाळीं वडिलांनीं मुलाला एवढेंच विचारावें, 'आज उंची किती भरली?' आणि मुलानें वही उघडून तारीख घालावी.