घोट्यावरील अस्थिभंग

नडगीचें खालचें टोंक हें घोट्याच्या सांध्याचें छत होय. मनुष्य उंचावरून पायांवर पडला म्हणजे तें बत्त्याप्रमाणें खालच्या हाडावर आदळतें. मात्र येथें बत्ताच फुटतो! देस्तो या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं या भागास ‘पिलों’, म्हणजे बत्ता, असेंच नांव दिलें.

१९६९ सालीं र्‍यूडी व आल्गोवर या स्विस शस्त्रवैद्यांनीं तुकडे जुळवून, पट्टी व स्क्रू बसवून उत्तम गुण दाखविला. पण त्यांचे पुष्कळ रोगी बर्फावर घसरून पडलेले होते. मोटार-अपघातांत चेंगरलेल्या पायांवर तोच उपाय तातडीनें केला, तेव्हां जखमा चिघळल्या, क्वचित् पायही गेला. येथें हाडावर मांस जवळजवळ नाहींच. सुजलेली कातडी टांके धरीत नाहीं.

म्हणून आतां बहुधा प्रथम बाहेरून सळयांची चौकट बसवितात, आणि एक-तीन आठवड्यांनीं, सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसल्या, कीं मुख्य शस्त्रक्रिया करितात. घरच्या मंडळींस हा विलंब हयगय वाटतो. वस्तुतः पाय त्यानेंच वांचतो.

पुढें दोन-तीन महिने पायावर भार द्यावयाचा नसतो. सांध्यावरील कूर्चा चिरडली असल्यास तुकडे नीट जुळूनही कित्येकांस संधिवात जडतो. फार दुखल्यास सांधा कायमचा जखडावा लागतो. विडी-सिगारेटीनें जखम व हाड दोन्ही उशिरां भरतात, तेव्हां ती त्याच दिवशीं सोडावी.