सुई लागली म्हणून कॅन्सर पसरत नाही

"गाठीला सुई लावू देऊ नका, छेडली की चवताळते." नांदेड-लातूरकडे घरात कॅन्सरचा नुसता संशय आला, तरी हा सल्ला डॉक्टरच्या आधी हजर असतो. सांगणारा मायेचाच माणूस असतो, म्हणून तो ऐकलाही जातो. मग गालाच्या आतला चट्टा असो की स्तनातली गाठ, तपासणीला तुकडा देण्याऐवजी लेप आणि झाडपाला सुरू होतो, आणि त्यात महिने निघून जातात.

पुरावाही ठरलेला असतो: "आमच्या मामाचा तुकडा काढला अन् दोन महिन्यांत मामा गेले." पण तुकडा काढला तेव्हा मामांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, मानेत गाठी आल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. आजार सुईच्या कितीतरी आधी निघालेला होता. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचा संताप येतो, कारण या एका समजुतीपायी बरी होऊ शकणारी माणसं हातची जातात.

पसरणं म्हणजे काय, ते पेशीपाशी जाऊन बघू. गालाच्या आतलं अस्तर पेशींच्या थरांचं असतं. सर्वांत खालचा थर एका अतिशय पातळ पडद्यावर बसलेला असतो. पेशीच्या पृष्ठभागावर पकड घेणारी प्रथिनं असतात. शेजारच्या पेशीला धरून ठेवतात ती कॅडहेरिन, आणि खालच्या पडद्याला धरतात ती इंटिग्रिन. माणसात इंटिग्रिनचे 24 प्रकार आहेत. त्यांचं काम नुसतं धरून ठेवण्याचं नाही. आपण जागेवर आहोत, जगायला आणि वाढायला हरकत नाही, हा निरोप ती पेशीच्या आत पोचवतात. निरोगी पेशीची पकड सुटली की निरोप थांबतो आणि ती बहुधा मरून जाते.

कॅन्सरची पेशी नेमका हा नियम मोडते. जनुकांमधल्या बदलांमुळे तिची शेजाऱ्यांशी पकड बदलते, खालचा पडदा ती कुरतडते, आधार नसतानाही रक्तात तग धरते आणि दुसऱ्या अवयवात नवी पकड मिळवते. हे गुण तिच्या अंगी यायला महिने, वर्षं लागतात. सुई यातला एकही गुण तिला देऊ शकत नाही. उलट तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डॉक्टर हेच पाहतात की पेशींनी तो पडदा ओलांडलाय की नाही.

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथे सोराब दलाल यांच्या गटानं 2008 साली दाखवलं, की पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या सांध्यातलं प्लाकोफिलिन-3 हे प्रथिन कमी केलं तर पकड ढिली होते आणि उंदरांत आजार जास्त पसरतो. मिलिंद वैद्य यांच्या गटानं 2011 साली तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींमधली केराटिन 8 आणि 18 ही प्रथिनं काढून टाकली. त्याबरोबर अल्फा-6 बीटा-4 या इंटिग्रिनचे निरोप बदलले आणि पेशींचा आक्रमकपणा उतरला. निरोगी पेशीला जागेवर बांधून ठेवणारं हेच इंटिग्रिन कॅन्सरमध्ये वाढीला हातभार लावतं.

"पण चार पेशी तर रक्तात जाणारच ना?" जातीलही. 1970 साली अमेरिकेत आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या थेट शिरेत कॅन्सरच्या पेशी सोडल्या. चोवीस तासांनी हजारात एक जेमतेम जिवंत होती आणि गाठ धरणाऱ्या दहा हजारांत एकाहूनही कमी. बी पडलं म्हणजे उगवलं असं होत नाही, हे पेरणी करणाऱ्याला सांगायला नको.

आकडे मराठवाड्यातलेच हवेत? धाराशिव जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांचा अभ्यास 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाची गर्भाशयमुखात एचपीव्ही हा विषाणू आहे का, अशी चाचणी झाली. चाचणीत दोष दिसला त्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली आणि संशयाच्या जागेचे तुकडे घेतले गेले. तुलनेच्या गटापेक्षा या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू जवळपास निम्मे होते. तुकड्यानं कॅन्सर भडकत असता तर आकडा उलटा आला असता.

अपवाद आहेत, ते लपवायचं कारण नाही. अंडकोषाच्या गाठीत सुई घालत नाहीत. जांघेतून अंडकोषच काढून तपासतात. यकृतात सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची नोंद शंभरात दोन-तीन जणांत आहे, म्हणून स्कॅनवरच निदान पक्कं होत असेल तर तिथे सुई टाळतात. कुठे टोचायचं आणि कुठे नाही, हे डॉक्टर शिकूनच आलेले असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी सुटण्याचा विचारही झालेला आहे. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं स्तनाच्या गाठीभोवती शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी बधिरीकरणाचं साधं औषध टोचलं. 2023 साली आलेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षं आजाराविना राहिलेल्यांचं प्रमाण 82.6 वरून 86.6 टक्क्यांवर गेलं. इथे तर गाठीभोवती सुई टोचूनच फायदा झाला.

बाकीचे समज थोडक्यात. "हवा लागली की पसरतो": पोट उघडल्यावर आत पसरलेला आजार दिसतो, तो हवेनं पसरलेला नसतो. "रुग्णाच्या ताटात जेवलं की होतो": होत नाही, दुसऱ्याच्या पेशी आपली प्रतिकारशक्ती रुजू देत नाही. "चोळून गाठ विरते": विरत नाही, वेळ तेवढा जातो. "पकड तोडणारं औषध दिलं की काम झालं": इंटिग्रिन अडवणारं सिलेंगिटाइड मेंदूच्या कॅन्सरमध्ये वापरून पाहिलं. 2014 साली निकाल आला, रुग्णांचं आयुष्य वाढलं नव्हतं.

आणि "स्तनाचा होता, आता फुप्फुसाचा झाला": नाही, फुप्फुसात रुजलेल्या त्या पेशी स्तनाच्याच असतात आणि औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात. मात्र नव्या जागी पेशींचे गुण बदललेले असू शकतात, म्हणून शक्य असेल तिथे डॉक्टर पुन्हा तुकडा मागतात.