मोटारसायकलचे चाक काढणे व टायर बदलणे

टायर झिजला, चिरला किंवा आतील ट्यूब फुटली म्हणजे मोटारसायकलचे चाक वाहनापासून सोडवून जुना टायर उतरविण्याची व नवा चढविण्याची क्रिया. मोटारगाडीचे चाक चार-पाच नट सोडविताच निघते. मोटारसायकलचे चाक मात्र आरपार जाणाऱ्या आसावर बसविलेले असते आणि मागील चाकात साखळी व ब्रेक या दोन्ही यंत्रणा गुंतलेल्या असतात. तरीही पाने, पक्कड व टायर उचकटण्याच्या दोन-तीन पट्ट्या (टॉमी) एवढ्या हत्यारांनी हे काम घरच्या अंगणात करता येते. त्यातील धोका चाक काढण्यात नसून ते परत बसविण्यात आहे.

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) तालुक्यासारख्या केळीच्या पट्ट्यात मोटारसायकल शेताच्या वाटेवर आणि सुरत–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर सारखीच वापरली जाते. वाटेवर बाभळीचे काटे असतात, मागे वैरणीचा भारा असतो आणि उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. डांबराचा पृष्ठभाग त्याहून तापतो. मागील चाकावर भारही अधिक व एंजिनाची ओढही त्यावरच, म्हणून मागील टायर आधी झिजतो. हवा गेलेले वाहन पंक्चरवाल्यापर्यंत ढकलत नेल्यास टायरच्या कडा व ट्यूब कापली जाते. त्यापेक्षा चाक काढून तेवढेच गावात नेणे फायद्याचे ठरते.

जुन्या स्कूटरला ही अडचण नव्हती. आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणाऱ्या स्कूटरचे चाक नट सोडवून निघे आणि बदली चाक, म्हणजे स्टेपनी, बरोबरच असे. (हे नाव वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आले, तेथे १९०४ च्या सुमारास अशी जादा चाके प्रथम तयार झाली.) मोटारसायकलला स्टेपनी नसते.

चाक काढणे : वाहन सपाट, कठीण जागी मधल्या स्टँडवर उभे करतात. काळ्या मातीच्या अंगणात स्टँड रुततो व नट ओढताना वाहन कलंडते, म्हणून खाली जाड फळी ठेवावी लागते. आसाचा नट घट्ट असल्याने तो थोडा सैल करण्याचे काम वाहन स्टँडवर चढविण्यापूर्वीच उरकणे चांगले. मागील चाकाच्या बाबतीत प्रथम ब्रेकच्या दांड्याच्या टोकाचा नट काढतात. नंतर ब्रेकच्या झाकणीला मागील चिमट्याशी जखडणारी पट्टी सोडवितात. तिच्या नटात बहुधा दुपाखी पिन असते. मग आस एका बाजूने ओढून काढला की मधले बुश गळून पडते व चाक बाजूला सरकविता येते. अनेक भारतीय मोटारसायकलींत साखळीचे दंतचक्र चिमट्यावरच राहते, त्यामुळे साखळीला हात लावावा लागत नाही. निघालेले भाग त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत. पुढील चाकाचे काम सोपे असते. ब्रेकची व वेगदर्शकाची तार सोडवून आस काढला की पुरते.

टायर उतरविणे व चढविणे : बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव तापवून, म्हणजे प्रसरण पाववून, चढवितात आणि पाणी ओतून आवळतात. रबरी टायरला हा उपाय लागू पडत नाही. त्याच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचे वेढे असतात. ते ताणत नाहीत आणि रिमच्या काठाचा व्यास तर त्यांच्याहून मोठा असतो. मग टायर चढतो कसा? रिमच्या मध्यभागी सर्व बाजूंनी खोलगट पन्हळ असते. टायरची एका बाजूची कड या पन्हळीत दाबून बसविली की समोरच्या बाजूला तेवढीच सैल जागा मिळते व तेथे कड काठावरून उचलता येते. सी. के. वेल्च यांनी १८९० मध्ये इंग्लंडमध्ये तारेच्या कडेच्या टायरचे पेटंट घेतले. तत्पूर्वी जॉन बॉइड डनलॉप यांचा १८८८ चा टायर चाकाला चिकटवावा लागे.

म्हणून हवा पूर्ण काढून दोन्ही कडा पायाने दाबून रिमपासून सुटवितात, झडपेच्या समोरची बाजू पन्हळीत ढकलतात आणि झडपेजवळून पट्टी घालतात. चढविताना क्रम उलटा, शेवट झडपेपाशी. पट्टीवर फार जोर द्यावासा वाटला, तर समोरची कड पन्हळीतून निसटली आहे असे समजावे; जोराने ट्यूबच चिमटते. कडांना साबणाचे पाणी लावल्यास त्या सहज सरकतात. ट्यूबला आकार येण्यापुरती हवा आधी भरतात. जुन्या टायरच्या आतून हात फिरवून काटा शोधणे आणि आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी तपासणे हे नवशिक्याकडून हमखास राहते. टायरवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने असावा.

चाक परत बसविणे : ब्रेकच्या झाकणीची पट्टी जोडायची राहिल्यास वाहन अंगणात व्यवस्थित चालते. पहिल्या जोरदार ब्रेकला मात्र झाकणी चाकाबरोबर फिरते, दांडा वाकतो किंवा तुटतो आणि चाक जागच्या जागी जखडू शकते. महामार्गावर मागून मालमोटार येत असता असे घडल्यास परिणाम प्राणघातक होतो. म्हणून ही पट्टी प्रथम जोडून तिला नवी पिन घालावी. जुनी सरळ करून वापरण्याची काटकसर परवडणारी नाही. पुढील चाकात झाकणीची खाच चिमट्यावरील उंचवट्यात बसली पाहिजे.

साखळी सु. २ ते ३ सेंमी. हलेल इतकी सैल ठेवतात व चिमट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा समान करतात, अन्यथा चाक तिरपे बसते. ब्रेक दाबून धरून आसाचा नट आवळल्यास ब्रेकची जोडपाने मध्यावर येतात. नंतर चाक हाताने फिरवून ब्रेक अनेकदा दाबून पाहतात व काही किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासतात.

तबकडी-ब्रेकच्या वाहनात चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नये, दट्ट्या बाहेर येतो. १२५ घ. सेंमी.वरील दुचाकींना २०१८-१९ पासून चाक न जखडणारी ब्रेक यंत्रणा सक्तीची झाल्याने तिचे दातेरी कडे व संवेदकाची वायर यांनाही जपावे लागते. मिश्रधातूच्या चाकांवरील ट्यूबरहित टायरचे छिद्र चाक न काढता बुजविता येते. टायर बदलण्यासाठी मात्र चाक काढावेच लागते.

हवा सकाळी, वाहन थंड असताना मोजतात. एकट्या स्वारासाठी मागील टायरात ती सामान्यतः सु. २ किग्रॅ./चौ. सेंमी., म्हणजे पंक्चरवाल्याच्या भाषेत २८ पौंड असते. दोघे बसणार असतील तर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे वाढवितात. दुपारी तापलेल्या टायरात दाब अधिक दिसतो म्हणून हवा सोडल्यास रात्री तो कमी पडतो.