सुबाभळीचे काय करावे?

परळ-लालबागला तुमचे कुणी नातलग असतील तर त्यांना विचारून पाहा. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची जी आवारे ओस पडली, तिथे भिंतींच्या कडेने हिरवी झाडी उठली. चिंचेसारखी बारीक पाने, पांढऱ्या गोंड्यासारखी फुले आणि झुपक्यांनी लोंबणाऱ्या चपट्या तपकिरी शेंगा. ती कुणी लावली नव्हती. आता तेथे बहुतेक ठिकाणी उंच इमारती आल्या. पण रुळांच्या कडेला, पडीक जागी हे झाड अजून दिसते. हीच आपली सुबाभूळ.

तिचे मूळ गाव मेक्सिकोकडचे. आपल्याकडे १९७० नंतर उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या 'बाएफ' संस्थेने तिच्या सुधारित जातीचा पुष्कळ प्रसार केला. गुरांना हिरवा चारा, चुलीला सरपण, जमिनीला नत्र, एवढे सगळे एकच झाड देते म्हटल्यावर कोण नको म्हणेल? त्यात कुणाची चूक झाली असे मी म्हणणार नाही. मात्र शेताच्या बांधावर जो गुण, तोच रानाच्या कडेला अवगुण ठरतो. जगातील शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आज सुबाभळीचे नाव आहे.

असे का व्हावे? ज्यांनी ही लावली आहे त्यांना आठवत असेल, पेरण्याआधी बी गरम पाण्यात घालावे लागते. त्याचे कवच इतके टणक की ते मातीत दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जिवंत राहते. माती हलली की बी हलते, पाण्याच्या ओढीने ओढ्याकाठी जाते. रानात वणवा लागला तर गरम पाण्याचे काम आगच करते, आणि पुढच्या पावसात रोपांचे दाट गवत उठते. त्यांच्या सावलीत आपली झाडे वर येत नाहीत.

मुंबईकरांना हे दूरचे वाटू नये. गिरगाव-परळच्या नळांना १८६० पासून ज्या विहार तलावाचे पाणी मिळू लागले, तो आणि तुळशी तलाव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान शहराने चहूकडून घेरलेले. साग, ऐन, पळस, काटेसावर आणि आठ वर्षांनी फुलणारी कारवी हे त्याचे खरे धन. त्याच्या कडेच्या उघड्या जागांवर सुबाभूळ आणि तिचीच सोबतीण गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, यांनी ठाण मांडले आहे.

तर मग तोडून टाकावी? इथेच पुष्कळांची फसगत होते. नुसते तोडले की बुंध्याला चार-सहा फुटवे येतात. एकाची चार होतात! शेंगा पिकण्याआधी तोड करावी, फुटवे येतील तसे पुन्हा पुन्हा खुडावेत आणि पावसाळ्यात माती ओली असताना रोपे मुळासकट उपटावीत. दोन-तीन महिन्यांत सोटमूळ खोल गेले की मग कुदळ लागते. तोडलेला शेंगांचा ढीग जागेवर जाळू नये. त्याचे कारण वर आलेच आहे. मोकळ्या झालेल्या जागी लगेच तिथली झाडे लावावीत, नाहीतर जमिनीतले बी वाटच पाहत असते. हे काम एका वर्षाचे नव्हे. राखीव रानात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय हात घालू नये, आणि शहरात महापालिकेला विचारावे.

बांधावर ज्यांची सुबाभूळ आहे त्यांनी ती काढलीच पाहिजे असे नाही. वरचेवर छाटून शेंग धरू देऊ नका म्हणजे झाले. मात्र गुरांच्या वैरणीत तिचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवा, कारण पाल्यात मिमोसिन नावाचे विष असते. घोड्यांचे तर केस झडतात.

तानसा, फणसाड अशा अभयारण्यांलगतच्या गावांतील शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वृक्षारोपणाला रोपे आली की आधी पाने पाहा. कुंपणाला करंज किंवा पांगारा चालेल, अंगणात शिरीष, आपटा लावता येईल. आणि जुलैत एखाद्या तासाला मुलांना शाळेमागच्या मोकळ्या जागेत न्या. सुबाभळीची किती रोपे उपटली, ती त्यांनाच मोजू द्या.