युद्धावरून परतलेला इन्स्पेक्टर



रहस्यकथेतला डिटेक्टिव्ह म्हटला की शेरलॉक होम्ससारखा न थकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चार्ल्स टॉड यांचा इयन रटलेज तसा नाही. (चार्ल्स टॉड हे एका लेखकाचे नाव नव्हे; अमेरिकेतील एक आई आणि तिचा मुलगा मिळून या नावाने लिहीत.) त्याची पहिली कादंबरी ‘अ टेस्ट ऑफ विल्स’ १९९६ साली आली, पण कथा घडते जून १९१९ मध्ये, इंग्लंडात. पहिले महायुद्ध थांबून तेव्हा सातच महिने झाले होते.

रटलेज हा स्कॉटलंड यार्डचा हुशार इन्स्पेक्टर. फ्रान्सच्या खंदकांत लढून, मग इस्पितळात राहून तो कामावर रुजू होतो. १९१६ साली सोमच्या लढाईत हेमिश मॅक्लाऊड या त्याच्या हाताखालच्या कॉर्पोरलने माणसांना पुन्हा मरणाच्या तोंडी नेण्यास नकार दिला. लष्करी कायद्याप्रमाणे रटलेजला त्याला गोळ्या घालण्याचा हुकूम द्यावा लागला. तेव्हापासून हेमिश त्याच्या डोक्यात बोलतो, टोमणे मारतो, कधी कधी तपासातली खोच दाखवतो. हे भूत नव्हे, हा आजार आहे. ‘शेल शॉक’ हा शब्द १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ साप्ताहिकातील लेखात वापरला. पण पुष्कळ अधिकारी त्याला भित्रेपणाच समजत. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती थेट २००६ साली.

म्हणून रटलेज आपला आजार लपवतो. वरिष्ठ अधिकारी बोल्स याला तो ठाऊक आहे, आणि तो मुद्दाम अवघड काम त्याच्या गळ्यात मारतो. वॉरिकशायरमधल्या एका खेड्यात कर्नल हॅरिस यांचा सकाळी घोड्यावरून रपेट करताना खून झालेला असतो. संशय कॅप्टन विल्टनवर. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, राजघराण्यापर्यंत ओळखी. त्याच्याविरुद्ध साक्षीदार आहे तो डॅनियल हिकम, युद्धातून डोके बिघडून परतलेला, दारूत बुडालेला. सारे गाव म्हणते, या वेड्याचे कोण ऐकणार?

इथेच कादंबरीची खरी पकड आहे. हिकमची साक्ष खोटी ठरवली तर रटलेजने स्वतःच्या बुद्धीवर तरी विश्वास कसा ठेवावा? आणि खरी मानली, तर देशाच्या वीराला फासावर चढवावे लागेल. १९१९ हे साल काढून टाकले तर हा पेच उरतच नाही. इतिहास इथे पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारखा नाही, हे मला फार आवडले. मधली काही पाने मात्र रेंगाळतात.

पुस्तकात हिंदुस्थान नाही. तरी वाचताना आपल्या मराठा पलटणी आठवल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ त्या मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतले जे घरी परतले, त्यांना रात्री कोणाचे आवाज ऐकू येत असतील? घरात कोणी विचारले असेल का?

इंग्रजी साधारण अकरावी-बारावीच्या मुलांना झेपेल असे आहे. लहानांना देऊ नये. आणि ज्याचे आधी वाचून होईल, त्याने खुनी कोण हे वर्गात सांगत फिरू नये!